मोहाखालचा पाला

माहं तोंड चालतं, हे साऱ्या गावाले माहीत आहे. नळावर असो, धानाच्या बांधीत असो का नाकाडोंगरीच्या बाजारात, कोणाले दोन गोष्टी सुनवायच्या असल्या त मी मागं-पुढं पाहत नाही. रुखमिणीच्या तोंडी लागू नका म्हणतात लोक, अन् मले त्याचा रागही येत नाही. पण एका गोष्टीसाठी हेच तोंड वरीसभर बंद राहिलं. कोणी बंद केलं नव्हतं. मीच केलं होतं.

माघाचे दिवस होते. बांधीतली लाखोरी, आमचं डाळीचं पीक, उपटून आणली होती अन् अंगणात वाळत घातली होती. छपरीत मी, माही पोरगी उर्वशी अन् शेजारची चंदा, तिघी लाडू वळत बसलो होतो. मोहाचे लाडू. मोहफूल भाजाचं, कुटाचं, त्यात तीळ, जवस अन् गूळ घालाचा. आमच्याकडं हे लाडू बाळंतिणीले अन् थंडीत लेकराइले देत. उर्वशीनं तुमसरले बी.कॉम. केलं, नोकरीचे फारम भरून भरून थकली, अन् एक दिवस म्हणे, आई, आपण हेच विकू. तिचे बाबा, सेवकराम, खो-खो हसले. तेच बाबा दोन वर्षांत डब्याइले चिठ्ठ्या चिकटवाले बसू लागले. नागपूरची दोन दुकानं झाली, भंडाऱ्याचं एक झालं, मोबाइलवरून मागवणारे वेगळे. गावच्या सहा बाया आमच्याकडं कामाले येऊ लागल्या. चंदा त्यातली एक. तिले मी कामावर कशी घेतली, ते पुढं सांगते.

उर्वशीनं हात धुतले अन् पिशवीतून कागदाचा गठ्ठा काढला.

"पुण्याच्या दुकानवाल्याले आपले लाडू पसंत आहेत," ती म्हणाली. "त्याची बारा ठिकाणी दुकानं आहेत. पण त्याले सर्टिफिकेट पाह्यजे. जंगल न बिघडवता फूल वेचलं, असं. त्याच्याशिवाय माल ठेवत नाही म्हणते."

लाखोरी उलटवता उलटवता सेवकराम थांबले. "आजवर कागद नव्हता त जंगल नव्हतं काय? माह्या आज्यानं त्याच मोहाखाली फूल वेचलं. त्याले कोनी इचारलं?"

"बाबा, तुमच्या आज्याचे लाडू पुण्याले जात होते काय?"

"बरं, वाच. काय म्हनते तुहा कागद?"

उर्वशी वाचू लागली. झाडाची फांदी तोडायची नाही. फूल जाळीवर वाळवायचं, डांबरी रस्त्यावर नाही. चारातला एक वाटा फूल खालीच सोडायचं, अस्वल-हरणासाठी.

"वारे वा," सेवकराम म्हणाले. "अस्वल फुकटात खाईन. त्याले म्हना, मंग लाडू वळाले बी ये."

चंदा पदर तोंडाले लावून हसली. मीही हसली.

"झाडाखालचा पाला जाळायचा नाही," उर्वशीनं पुढं वाचलं. "झाडून काढायचा."

आता कोणी हसलं नाही. मोहाचं फूल पहाटे गळते. फागुन-चैतात खाली वाळला पाला पसरलेला असते अन् त्यात फूल दिसत नाही. झाडाले गेलं त एका मोहाले दोन तास लागतात, कंबर मोडते. काडी लावली त घटकाभरात जमीन साफ. म्हणून सारेच लावतात. माह्या सासूनं मले शिकवलं होतं, आधी भोवताल झाडून गोल पट्टा मोकळा कर, मंग काडी लाव, अन् हिरव्या फांदीचा डगाल हातात घेऊन धूर मरेपर्यंत तिथून हलू नको. एवढं पाळलं की काही होत नाही.

"पाच घरांचा गट करायचा," उर्वशी म्हणाली. "एकानं दुसऱ्याची हमी घ्यायची. मंग तपासणीवाल्या मॅडम येतील. फारममध्ये बावीस प्रश्न आहेत." ती पेन घेऊन एकेकावर खूण करत गेली. अकराव्यावर आली. "गेल्या तीन वर्षांत तुमच्या हातून जंगलात आग लागली काय? नाही." तिनं खूण केली अन् पान उलटलं.

मग तिच्या लक्षात आलं अन् तिनं चंदाकडं पाहिलं. चंदाचा हात परातीत थांबला होता.

"चंदाकाकी, तुमच्या घरचं," उर्वशी अडखळली. "म्हणजे तुमच्या मोहाचं फूल या वर्षी नाही घेता येणार. त्या आगीमुळं. कामाचं तसंच राहील."

"काम राहिलं म्हणजे झालं," चंदा म्हणाली. तिनं लाडू वळून ताटात ठेवला. "माह्या मानसानं केलं, त्याले तू काय करशील?"

मी उठली अन् गुळाची ढेप आणाले घरात गेली. गूळ परातीत होताच.

ती आग अशी लागली होती. मागच्या फागुनात नागपूरच्या एका मेळाव्यात उर्वशीले जागा मिळाली, अन् एकदम मोठा माल न्यायचा होता. दुपारी तुमसरची गाडी डबे न्यायले येणार होती. मी सकाळी आमच्या मोहाखाली पाला साफ कराले गेली. घाईत पट्टा झाडला न झाडल्यासारखा केला. काडी लावली. पाला जळाला, धूर थोडा राहिला. एका बाजूले जुना खुंट होता, तो आतून धुमसत होता. मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणता येत नाही. त्याच्यावर दोन डगाल मारले अन् मनात म्हटलं, विझते आता. घरी डब्याइले चिठ्ठ्या लागायच्या होत्या.

दुपारी नाल्याकडून वारा उठला. आम्ही गाडीत डबे चढवत होतो तवा टेकडीवर धूर दिसला.

इश्वर म्हणजे चंदाचा नवरा. तो गावाचा गायकी होता, साऱ्या गावची गुरं रोज सकाळी रानात नेत जाय. त्या दिवशी गुरं नाल्यात पाण्यावर होती अन् तो वरच्या दगडावर बसून बिडी ओढत होता. धूर पाहून गुरं उधळली. इश्वर जळत्या गवतातून पळाला. चप्पल वितळली तरी पळत राहिला, अन् एकूण एक जनावर बाहेर काढलं. एक सोडून. वन समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव, त्यांची गाभण गाय नाल्यात पडून पाय मोडून बसली. दोन दिवसांनी मेली.

तिसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर समिती बसली. रानात कोण होतं? इश्वर. बिडी कोण ओढत होतं? इश्वर. त्याच्या खिशातली काडेपेटी पुंडलिकरावांनी सगळ्यांसमोर काढून दाखवली. इश्वरले उभं राहता येत नव्हतं, तळपायाले फोड होते, तो मातीत बसून होता. "म्या दगडावर घासली होती जी बिडी," तो म्हणत होता. "मले वाटते घासली होती." गावानं गायकीपण त्याच्याकडून काढून घेतलं. मी बायांच्या रांगेत उभी होती. माह्या हाताले अजून राखेचा वास येत होता, का मले तसं वाटत होतं.

त्या संध्याकाळी मी सेवकरामले सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला अन् दाराकडं पाहिलं, की उर्वशी आत येते काय.

"गप राय," ते म्हणाले. "एकदम गप."

मी गप राहिली. इश्वरच्या पायाले लावाले करंजीचं तेल घेऊन गेली, आपल्या हातानं लावलं. लाडू नेले. अन् पंधरा दिवसांनी चंदाले कामाले बोलावलं. गावातल्या बाया म्हणाल्या, रुखमिणीचं तोंड असं आहे, पण मन मोठं आहे. नळावर कोणी असं म्हटलं की मी पाण्याचा गुंड भरायच्या आधीच उचलून निघत जाय.

फारम आल्यावर आठ दिवस आमच्याकडं तीच चर्चा. कागद घ्यावा का न घ्यावा. उर्वशी म्हणे, आज चार-पाच घरचं फूल पुरते, उद्या पन्नास घरचं लागेल, अन् त्या बायाइले बाजारातल्या व्यापाऱ्यापेक्षा दर बरा देता येईल. सेवकराम म्हणे, रोज लोकाइच्या झाडाखाली कोण पाहत फिरेल? गटातल्या विमलाबाईनं सरळ इचारलं, दोन तास झाडून माही कंबर गेली त पुन्यावाला तेल लावाले येईन काय? उर्वशी प्रत्येकीच्या घरी जाऊन बसत होती, समजावत होती. पोरगी वाळली त्या आठ दिवसांत. अन् मले रात्रंदिवस दिसे ती पेनाची खूण, अकराव्या प्रश्नापुढली.

एक दिवस बांधीवर आम्ही दोघंच होतो. उन्हाळी धानाले पाणी सोडत होतो. सेवकराम पावड्यानं बांधीचं तोंड फोडत होते.

"सांगून टाकू काय?" मी म्हटलं.

त्यांनी इचारलं नाही, काय सांगतेस म्हणून. पावडं रोवलं अन् त्याच्यावर हात टेकले.

"कोनाले सांगतेस? पोरीनं दोन वर्स रक्त आटवलं. सहा बायाइच्या घरी तुह्या लाडवावर चूल पेटते, त्यात चंदा बी आली. तुह्या मनाले हलकं वाटावं म्हनून त्या साऱ्याइच्या पोटावर पाय देशील?"

"अन् इश्वर?"

"त्याचं जे व्हायचं ते झालं. नवा गायकी आला. गाव विसरलं आता."

"इश्वर विसरला काय?"

पाणी बांधीत शिरलं होतं, ते उगाच पावड्यानं चिखल सारखा करत राहिले. खोटं काय बोलले होते ते? एक शब्द खोटा नव्हता. त्याच्यामुळंच मले त्यांचा राग आला. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इश्वर अंगणात आला. गायकीपण गेल्यापासून तो सिंदीच्या पानाचे झाडू बांधून विकत होता. उर्वशीनं त्याले गटासाठी दहा झाडू सांगितले होते. त्यानं भारा उतरवला अन् छपरीत चूल पेटलेली पाहून अंगणाच्या दुसऱ्या टोकाले, लाखोरीच्या ढिगाजवळ जाऊन बसला. चालताना तो पाय पुरा टेकवत नव्हता, बाजूबाजूनं टाकत होता.

"इकडं सावलीत ये ना गा," मी म्हटलं.

"नाई वयनी, अठीच बेस हाये. आगीजवळ मले बसवत नाई आता." त्यानं एक झाडू सोडून दाखवला. "लांब दांडीचे बांधले. वाकाचं काम नाई. कंबर नाई दुखनार."

"चांगले बांधले."

"उर्वशीनं सांगतलं मले. पाला झाडाचा, जाळाचा नाई. हे लय बेस केलं तुमी. बाकीच्याइले बी अक्कल येईन." त्यानं झाडू मांडीवर घेतला. "बिडी सोडली म्या. काडेपेटी त घरात बी ठेवू देत नाई चंदाले, ते लायटर आनलं चुलीसाठी."

मी चुलीत लाकूड सारलं. तोच बोलत राहिला, झाडूच्या पानावरून बोट फिरवत.

"वयनी, मले रोज दिसते थो दगड. म्या बिडी दगडावर घासली. असं, तीनदा. मले चांगलं याद हाये. पन मंग आग लागली कोठून? म्हनजे घासली नसीन. मानसाले वाटते आपन केलं, अन् केलेलं नसते. गाभन गाय गेली माह्या हातानं."

चुलीवर मोहफूल करपलं. वास आला तवा मले समजलं. मी कढई उतरवली अन् हात भाजून घेतला. चंदा आतून धावत आली, "बाई, ध्यान कोठं हाये तुमचं?" म्हणत तिनं माह्या हातावर पाणी ओतलं. इश्वर तिकडून म्हणाला, कोरफड लावा वयनी, माह्या पायाले तुमीच लावलं होतं ना काही, बेस झालं त्यानं.

मी त्याच दिवशी बोलायले पाहिजे होतं. नाही बोलली.

तपासणीचा दिवस फागुनातला. मॅडम भंडाऱ्याहून गाडीनं आल्या. पंचेचाळिशीच्या, पायात कापडी जोडे, डोक्यावर टोपी. चहा घेतला नाही, पाणी मागितलं. पाचही घरची माणसं सोबत निघाली, पुंडलिकराव पांढरी टोपी घालून पुढं. इश्वर झाडूचा भारा डोक्यावर घेऊन सगळ्यात मागं होता. त्याले कोणी बोलावलं नव्हतं. झाडू न्यायले माणूस पाहिजे होता एवढंच.

चार झाडं पाहून झाली. विमलाबाईनं झाडून दाखवलं, वहीत लिहिलं गेलं. मॅडम खूश दिसत होत्या. उर्वशीचा चेहरा तर असा फुलला होता की मी तिकडं पाहणं टाळत होती. मंग आम्ही आमच्या मोहाखाली आलो.

मोह जुना आहे आमचा, दोघांच्या कवेत मावत नाही. कळे धरले होते. मॅडम बुंध्याभोवती एक चक्कर मारून आल्या, खाली बसल्या, सालीवर नख ओढलं. नखाले काळं लागलं. मंग त्यांनी पाला बाजूले सारला अन् जळालेल्या खुंटाचं भोक बोटानं दाखवलं.

"हे मागच्या वर्षीचं असावं," त्या म्हणाल्या.

"गावाचा वणवा होता, मॅडम," उर्वशी लगेच म्हणाली. "आमच्याकडून नाही."

"वणवा वरून आला असता तर टेकडीकडची साल जळाली असती. इथं जळालीय ती खालची, चारी बाजूंनी. सुरुवात इथूनच झाल्यासारखी दिसतेय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "अकराव्या प्रश्नाला तुम्ही नाही म्हटलंय. कोणाला काही माहीत आहे का?"

सेवकराम माह्याकडं पाहत होते. मान हलवत नव्हते, फक्त पाहत होते. मी तोंड उघडलं, खरं सांगते, उघडलं होतं. पण त्याच्या आत मागून भारा खाली पडल्याचा आवाज आला.

इश्वर पुढं आला. चपला काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, अन् हात जोडले.

"मॅडमजी, ह्या घरचं काही नाई. थे आग माह्या बिडीची. मी तठी वरच्या दगडावर बसलो होतो. गावानं सजा देली मले, मी भोगली. ह्या बाईनं त माह्या पायाले तेल लावलं, माह्या बायकोले काम देलं. हिच्या हातानं आग लागाची नाई. माहं नाव लिहा, मी अंगठा देतो."

मॅडमनं त्याच्या पायाकडं पाहिलं अन् पेन काढलं. "नाव सांगा," म्हणाल्या.

"नोका लिहू," मी म्हटलं.

माहा आवाज मलेच ओळखू आला नाही. उर्वशी वळली. "आई?"

"त्याची बिडी नव्हती. पाला म्या पेटवला. ह्याच झाडाखाली. खुंट धुमसत होता, म्या पाहला, अन् सोडून गेली. तुमसरची गाडी याची होती." एवढं एका दमात बोलली अन् मंग दमच उरला नाही. मी इश्वरकडं वळली. "इश्वर, तुही बिडी नव्हती. तू काही नाई केलं. म्या केलं, अन् वरीसभर तुह्या नावावर राहू देलं."

पुंडलिकराव म्हणाले, "अन् माही गाय?" दुसरं त्यांना काही सुचलं नसावं.

उर्वशीनं हातातली फाइल छातीशी धरली अन् टेकडीकडं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. माह्या पोटच्या पोरीले मी सगळ्या गावासमोर खोटी पाडली होती, अन् तिनं ती खूण करताना मी तिच्या समोर बसून लाडू वळत होती.

इश्वर तसाच उभा होता, हात जोडलेले. त्याले राग आला असता, तो मले शिव्या देता, त मले बरं वाटलं असतं. तो हळूच खाली बसला.

"म्हनजे म्या विझवली होती," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, माह्याकडं न पाहता, "दगडावर घासली होती. तीनदा. विझवली होती म्या."

पुढचं सगळं झटपट झालं. मॅडमनं कागदावर लिहिलं, आगीच्या तारखेपासून तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. जाताना मले म्हणाल्या, बोललात ते बरं केलंत. मले त्या शब्दांची लाज वाटली. पुण्याचं दुकान गेलं. पुंडलिकरावांना आमची कालवड दिली. सेवकराम दोरी सोडून तिले घेऊन गेले, परत आले अन् रिकाम्या खुंट्यापाशी बराच वेळ बसले. उर्वशी चार दिवस नुसतं हो-नाही करत होती. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, "मले तरी सांगाले पाह्यजे होतं, आई. फारम भरायच्या आधी." मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार होती?

चंदा कामाले आली नाही. मी तिच्या घरी गेली. ती उंबऱ्यात उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"वर्सभर थो मानूस झोपला नाई," ती म्हणाली. "उठे अन् चुलीत हात घालून पाहे, इस्तव राहिला काय म्हनून. अन् तुमी त्याले लाडू आनून देल्ले. लाडू, बाई."

"चंदा, तुहं काम..."

"मले तुमचं काम नाई लागत."

तिनं दार लावलं नाही. ती आत गेली अन् मी बाहेर उभी राहिली. मंग मीच निघाली.

समिती पुन्हा पाळीवर बसली. इश्वरले गायकीपण परत द्यायचं ठरलं, पण तो नको म्हणाला. माहे पाय नाई चालत आता एवढे, म्हणे. मंग ठरलं की अवंदा आमच्या मोहाचं सगळं फूल इश्वरच्या घरी जाईल, अन् झाडाखालचा पाला फूल गळेपर्यंत रोज मी झाडून द्यायचा. काडी न लावता. बाया एकमेकींकडं पाहून हसल्या. त्यांना हसायचा हक्क होता.

आता चैत लागला. पहाटे उजाडता उजाडता मी इश्वरच्याच हातचा लांब दांडीचा झाडू घेऊन जाते. दोन तास लागतात. फूल अंगावर, डोक्यावर पडत राहते, पण वेचायचं मी नाही. चंदा टोपली घेऊन येते, मी बाजूले होते, ती वेचते. आम्ही बोलत नाही. चारातला एक वाटा ती खालीच सोडते. तिच्यावर कोणाची सक्ती नाही.

काल इश्वर तिच्या मागं आला. काठी टेकत त्या वरच्या दगडावर जाऊन बसला. खिशातून बिडीचं कट्टल काढलं, काडेपेटी काढली. नवी होती, वरचा कागदही निघाला नव्हता. वर्षानंतर पहिलीच बिडी ती, त्याले ठसका लागला. चंदा वेचता वेचता थांबली. त्यानं बिडी बोटापर्यंत ओढली. मंग दगडावर घासली. एकदा, दोनदा, तीनदा.

"वयनी," त्यानं हाक मारली. "अठी या."

मी झाडू ठेवून गेली.

"पाहा, विझली काय."

"विझली," मी म्हटलं.

"तसं नाई. हात लावून पाहा."

मी खाली बसली. दगडावर काळा डाग होता अन् त्यावर बिडीचं थोटूक. मी थोटूक बोटात धरलं, चुरलं, आतली राख तळहातावर घेतली. तो माह्या तोंडाकडं पाहत होता.

"थंड हाये," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. काठी घेतली अन् चंदाची टोपली उचलाले खाली उतरला. मी तिथंच बसून राहिली, मूठ मिटून. मंग उठली, कारण अर्ध्या झाडाखालचा पाला अजून झाडायचा होता.